परसातली कोंबडी आणि तिच्या पायाखालची माती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

समोर बसलेल्यांत मला साधारण दोन गट दिसतायत. एक गट महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, वासुली, भांबोली या भागातला, ज्यांच्या घरामागे अजून दोन-चार गुंठे शिल्लक आहेत. दुसरा मोशी, चिखली, रावेत, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधला. यांना कोंबड्या पाळायच्या नाहीयेत, यांना ‘खरं गावरान अंडं’ हवंय. मी दोघांशीही बोलणार आहे. कारण पाळणाऱ्याला आणि खाणाऱ्याला एकच गोष्ट कळायला हवी: या अंड्यात काय उतरलंय आणि त्याची रास्त किंमत किती.

विषयाचं नाव दिलंय ‘नैसर्गिक पद्धतीने परसातलं कुक्कुटपालन’. यातला ‘कुक्कुटपालन’ हा शब्द सोपा आहे. अवघड आहे तो ‘नैसर्गिक’. तर आधी त्याच्याकडे येतो.

आपल्या आजीच्या काळात कोंबडीला कोणी खायला घालायचं का? सकाळी खुराड्याचं दार उघडायचं, मूठभर ज्वारी-बाजरी फेकायची, झालं. बाकी दिवसभर ती काय खायची? खळ्यावर सांडलेले दाणे. गोठ्यात बैलाच्या वैरणीतून पडलेलं. उकिरडा उकरून किडे, अळ्या, गांडुळं. पावसाळ्यात वाळवी, नाकतोडे. म्हणजे ती फुकट जगत नव्हती. ती शेतावर जगत होती, आणि शेताचा खर्च वेगळ्या खात्यात पडत होता. कोंबडीच्या खात्यात शून्य दिसायचं म्हणून अंडं म्हणजे घरच्या बाईचा निव्वळ नफा.

आता चाकणच्या पट्ट्यात काय झालं? जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या जागेवर कामगारांसाठी खोल्या बांधल्या. बैल गेले म्हणून गोठा गेला, गोठा गेला म्हणून उकिरडा गेला, मळणी यंत्रावर गेली म्हणून खळंही गेलं. राहिली ती कोंबडी. तीच जुनी, तशीच उकरणारी. पण उकरायला खाली काय आहे? मुरूम, सिमेंटचा राडारोडा, पॅकिंगचा थर्माकोल. आणि हो, कोंबड्या थर्माकोल आवडीने खातात, हे ज्यांनी पाहिलंय ते आत्ता माना डोलवतायत. त्यात पोषण काहीच नाही.

म्हणून पहिली गोष्ट हिशेबाची. आपण २५ माद्या धरू. पंचवीस अशासाठी की पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही २५ तलंगा आणि ३ नर असा गट ठरलेला आहे. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची तरुण मादी, शहरातल्या मंडळींसाठी सांगतो.

एका मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य लागतं. परसात थोडंफार चरायला आहे असं धरून आपण ७० ग्रॅम विकतचं घालतोय समजा. दाण्याचा भाव सोयीसाठी किलोला ३० रुपये धरतो, तुम्ही घरी गेल्यावर आपल्या दुकानाचा भाव घाला. पंचवीस कोंबड्यांना वर्षाला सुमारे ६४० किलो, म्हणजे १९ हजार रुपयांच्या थोडं वर.

आता अंडी. अस्सल देशी कोंबडी परसात वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. मधे खुडूक होते, अंड्यांवर बसते, २१ दिवस उबवते, मग पिल्लं घेऊन हिंडते. त्या काळात अंडी बंद. साठ धरली तर १,५०० अंडी. एका अंड्यामागे नुसतं खाद्य पावणेतेरा रुपयांचं. ग्रामप्रियासारखी सुधारित जात घेतली, ती परसात दीडशेच्या आसपास जाते; तिच्या अंड्यामागे पाच रुपये. आणि चरायला काहीच नाही, पूर्ण ११० ग्रॅम विकतचं घालायचं, अशी स्थिती असेल तर? देशीचं अंडं २० रुपयांचं, सुधारितचं ८ रुपयांचं. यात लस नाही, मुंगसाने नेलेली नाही, तुमची मेहनत तर नाहीच नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग देशी पाळायचीच कशाला? तर देशी कोंबडी ही मुळात अंड्याची कोंबडी नाहीच. ती पिल्लांची कोंबडी आहे. तिचे पैसे कोंबड्यात असतात, म्हणजे नरात. आखाडात, गावच्या जत्रेत, नवसाला जो गावरान कोंबडा जातो त्यात. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन ती स्वतःच उबवणी केंद्र होते. म्हणून माझं मत असं की अंडी विकायची असतील तर गटात वीस सुधारित माद्या आणि पाच देशी ठेवा. देशीच्या पोटाखाली सुधारितची अंडी घाला. ग्रामप्रिया, वनराजा या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या जाती. त्यांतली वनराजा अंगाने भारी, अंडी कमी. गिरीराजा बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा, तोही मांसाकडे झुकणारा. आपल्याला जवळ म्हणजे खडकीचं सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र, तिथे आधी चौकशी करा. मात्र एक लक्षात ठेवा. या सुधारित पक्ष्यांची पुढची पिढी आईसारखी निघत नाही, अंडी घटत जातात. दर दोन-तीन वर्षांनी नवी पिल्लं आणावी लागतात.

आता मातीकडे येतो. इथे मी रेंगाळणार आहे, कारण याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

कोंबडीला दात नसतात. दाणे दळायला ती खडे गिळते. किडा उचलताना माती गिळते. धुळीत लोळून आंघोळ करते आणि नंतर ती पिसं चोचीने साफ करते, म्हणजे पुन्हा माती पोटात. पिंजऱ्यातली कोंबडी पिशवीतलं खाद्य खाते. मोकळी कोंबडी तुमचं अंगण खाते. त्यामुळे अंगण चांगलं असेल तर अंडं चांगलं, आणि अंगणात शिसं असेल तर अंड्यात शिसं.

शिसं येतं कुठून? जुन्या रंगातून, फुटलेल्या बॅटऱ्यांतून, भंगारातून. आपल्याकडे २००० सालापर्यंत पेट्रोलमध्येही शिसं होतं. पुणे-मुंबई आणि पुणे-नाशिक रस्त्यांच्या कडेची माती तेव्हापासूनची आहे. शिसं कुजत नाही, विरत नाही, वरच्या चार बोटं मातीत बसून राहतं. घरच्या रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ च्या शेवटी. त्याआधी रंगवलेली भिंत, तिचे पोपडे, आणि तिच्या बुडाशी उकरणारी कोंबडी. कोंबडीच्या शरीराला शिसं कॅल्शियमसारखं भासतं. अंड्याच्या कवचासाठी ती रोज कॅल्शियम ओढत असते, त्या ओढीत शिसंही आत जातं, आणि बलकात उतरतं.

ही भीती घालायला सांगत नाहीये. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये मॅक्वारी विद्यापीठाच्या लोकांनी घराघरांतल्या परसातली अंडी तपासली, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दुकानातल्या अंड्यांच्या तुलनेत परसातल्या अंड्यांत सरासरी सुमारे ४० पट शिसं निघालं. न्यूयॉर्क शहरातल्या सामुदायिक बागांमधल्या कोंबड्यांच्या अंड्यांतही शिसं सापडलेलं आहे. हे लोक अंडी कशासाठी पाळत होते? नैसर्गिक खायचं म्हणून!

दुसरा प्रकार डायॉक्सिन. प्लॅस्टिक, वायरी, रबर उघड्यावर जाळलं की तयार होणारी विषारी द्रव्यं. धुराबरोबर उडतात, गवतावर आणि मातीवर बसतात. ही चरबीत विरघळतात, आणि अंड्यात चरबी असते ती सगळी बलकात. इंडोनेशियात पूर्व जावामध्ये त्रोपोदो म्हणून गाव आहे, तिथे टोफू बनवायच्या भट्ट्यांत प्लॅस्टिक जाळत. २०१९ मध्ये तिथल्या मोकळ्या कोंबड्यांची अंडी तपासली तर डायॉक्सिनचं प्रमाण भयंकर निघालं. बेल्जियममध्ये १९९९ साली खाद्याच्या चरबीत हेच मिसळलं गेलं होतं, आणि पहिली खूण कोंबड्यांनीच दिली: अंडी घटली, पिल्लं फुटेनात.

आता आपल्या पट्ट्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. चिखली-कुदळवाडीची भंगाराची गोदामं, तिथे लागणाऱ्या आगी. महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली शेडं पाडली. शेडं गेली, पण माती तिथेच आहे. मोशीचा कचरा डेपो, तिथेही आगी लागलेल्या आहेत. भोसरी, तळवडे, चाकणच्या आत-बाहेर छोट्या-मोठ्या वर्कशॉपच्या मागे संध्याकाळी पेटणारा कचरा. अमुक गावच्या अंड्यात विष आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय तसं म्हणणं अन्याय होईल. पण तपासल्याशिवाय ‘शुद्ध नैसर्गिक’ असं लिहून विकणं हाही अन्यायच, गिऱ्हाइकावर.

तपासायचं कसं? शेतकऱ्याला मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका इथे उपयोगाची नाही. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह असे बारा घटक असतात, शिसं नसतं. खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ‘जड धातू’ असं सांगून मातीचा नमुना द्यावा लागतो. चार घरांनी मिळून केलं तर भुर्दंड कमी पडतो. कोंबड्या जिथे खरोखर उकरतात तिथली, वरची दोन इंच माती पाच-सहा जागांहून घ्या आणि मिसळा.

आणि तपासणी होईपर्यंत, किंवा झाल्यावरही, करण्यासारखं बरंच आहे. कोंबड्यांचा वावर कुंपणाने बांधा. रंगवलेल्या जुन्या भिंतीपासून, गाड्या दुरुस्त होतात त्या जागेपासून आणि रस्त्यापासून लांब. आत वीत-दीड वीत जाडीची स्वच्छ माती आणून टाका, माहितीच्या शेतातली. खोदकामाचा डंपर स्वस्तात मिळतो म्हणून तो नको, तो कुठून आलाय देव जाणे. वर भाताचं तूस, पालापाचोळा, लाकडाचा भुसा. गादी पद्धत म्हणतात ती हीच. लाकडाचा भुसा मात्र रंग लावलेल्या किंवा प्लायच्या लाकडाचा नको. दाणे जमिनीवर फेकू नका, पसरट भांड्यात घाला. पाणी नळाचं, नाल्याचं नाही. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. कॅल्शियम भरपूर असलं की शिसं कमी शोषलं जातं, शिवाय कवच मजबूत होतं. आणि परसात जाळ करायचा नाही. पाणी तापवायच्या बंबात दुधाच्या पिशव्या घालायची सवय आहे ना आपल्याकडे? ती आधी बंद.

आता खाद्य स्वस्त कसं करायचं? मंडईतला पाला, कोबीची पानं, शेवग्याचा पाला, तांदळाची कणी, मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात सोळा-सतरा टक्के प्रथिनं लागतात, नुसत्या मक्यावर ती जाड होते आणि अंडी कमी करते. शेणाच्या ढिगात अळ्या वाढवता येतात, ओलं गोणपाट आणि वाळलेलं शेण उपडं घातलेल्या मडक्यात ठेवलं तर वाळवी मिळते. कँटीनचं उरलेलं फुकट मिळतं, पण त्यात मीठ आणि तेल फार असतं. भात-पोळी चालेल, लोणचं-फरसाण-रस्सा नको.

खुराड्याचं थोडक्यात. मोठ्या पक्ष्यामागे रात्रीला दीड-दोन चौरस फूट, वारा आरपार, जमिनीपासून उचललेलं, जाळी बारीक. मुंगूस अगदी लहानशा फटीतूनही आत येतं आणि एका रात्रीत पाच-सहा मारून जातं, खातं एकच. दिवसा लहान पिल्लांवर डालगं झाका, घार बघतच असते.

लसीबद्दल मात्र जरा कडक बोलतो. ‘आम्ही नैसर्गिक पाळतो, लस-बिस काही देत नाही’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. लस म्हणजे प्रतिजैविक नव्हे. तिचा अंश अंड्यात राहत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एकदा आवारात शिरला की आठवड्यात खुराडं रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठव्या आठवड्याला आरटूबीची सुई. देवीची लसही द्या. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्कं करून घ्या. आपल्या शेजारी औंधलाच पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, राज्याच्या लसी तिथे तयार होतात. अडचण वेगळीच आहे. कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते, तुमच्याकडे पक्षी पंचवीस, आणि फोडलेली कुपी दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवायचा. बर्फाच्या डब्यातून आणायची, संध्याकाळी थंड वेळेला सगळ्यांनी टोचून घ्यायची. शनिवारी चाकणच्या बाजारातून पक्षी आणला तर तीन आठवडे वेगळा ठेवा. बहुतेक रोग पायाने चालत येतो, वाऱ्याने नाही.

आणि एकदम तीन-चार पक्षी मेले तर इंद्रायणीत किंवा रस्त्याकडेला टाकू नका, दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात. लपवलं तर तुमच्याबरोबर गावही बुडतं.

विक्री. साध्या पांढऱ्या अंड्याचा भाव रोज जाहीर होतो. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली ती व्यापाऱ्यांच्या हातून भाव सोडवायला. राज्यात अंडी कमी पडतातच. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन विभागाच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की रोज सुमारे एक कोटी अंड्यांची तूट आहे. पण ती तूट तुम्ही पंचवीस कोंबड्यांनी भरणार नाही, आणि त्या भावात तर मुळीच नाही. तुमच्या अंड्याला जाहीर भाव नाही. तो तुमच्यावरच्या विश्वासाचा भाव आहे.

म्हणून रतीब लावा, दुधासारखा. वीस घरं, आठवड्याला दहा अंडी, पैसे महिन्याचे आगाऊ. ग्रामप्रियाच्या वीस-पंचवीस माद्यांतून आठवड्याला साठ-सत्तर निघतात, म्हणजे सुरुवातीला सहा-सातच घरं. वीस घरांचं वचन देऊन बाहेरची अंडी त्यात मिसळली की धंदा संपला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख. महिन्यातून एकदा गिऱ्हाइकाला येऊ द्या बघायला, पण पक्ष्यांच्या आवाराबाहेरूनच. श्रावणात आणि नवरात्रात मागणी पडते, तेव्हा खुडूक कोंबड्यांना बसवून पिल्लं काढा. थंडीत मागणीही वाढते.

उन्हाळ्यात एक गोष्ट पाळा. विक्रीच्या माद्यांतून नर वेगळा काढा. अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लासाठी लागतो. फलित अंडं एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात ठेवलं तरी आत गर्भ हलकासा वाढायला लागतो, रक्ताची रेघ दिसते, आणि ताई फोन करून विचारतात, ‘दादा, हे काय दिलंत?’

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: तपकिरी कवच म्हणजे गावरान, हे खरं का?

नाही. कवचाचा रंग जातीवरून ठरतो. पिंजऱ्यातल्या तपकिरी अंड्यांच्या व्यापारी जाती आहेत. आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकणारेही आहेत. ओल्या फडक्याने जोरात घासा, रंग फडक्याला लागला तर ओळखा. बलक गडद असणं हीही खूण नाही, खाद्यात रंगद्रव्य घातलं की तो होतो.

प्रश्न: कडकनाथ घ्यावा का?

झाबुआचा उत्तम पक्षी आहे, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण अंडी बेताची देतो, आणि अंडं काळं नसतं, फिक्या रंगाचंच असतं. ‘पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. २०१९ मध्ये सांगली-इस्लामपूरकडच्या कडकनाथ प्रकरणात हजारो शेतकऱ्यांचे पैसे असेच बुडाले.

प्रश्न: माझ्या परसाची माती तपासली आणि शिसं जास्त निघालं, तर कोंबड्या मारायच्या का?

नको. विक्री थांबवा, घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती अंडी देऊ नका. पक्षी त्या मातीवरून उचला, पक्क्या कोब्यावर गादी करून ठेवा, खाद्य-पाणी बाहेरचं, कॅल्शियम भरपूर. शिसं हाडांत साठलेलं असतं, ते हळूहळू उतरतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी अंडीच तपासायला द्या. कमी झालेलं दिसलं तर पुढे चला. नाही झालं तर नवा गट नव्या मातीवर.

प्रश्न: सुरुवात किती पक्ष्यांनी आणि कधी करू?

दहा तलंगांनी. पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास आणा. तोवर कुंपण, माती आणि लसीचा दिवस ठरलेला हवा. थंडीत त्या अंड्यावर येतील, मे महिन्यात त्यांना पहिला कडक उन्हाळा लागेल. छपरावर गोणपाट टाकून दुपारी पाणी मारा. एवढं वर्ष निभावलं की पंचवीसचा विचार करू.